शोभाबाईंचा गडू

सिंदी गावात शोभाबाईंबद्दल एक म्हणणं होतं, की ही बाई पाणीसुद्धा धुऊन पिते. म्हणणाऱ्यांनी थोडं वाढवून सांगितलं असेल, पण फार नाही. सरपण त्या धुऊनच चुलीत घालत. बाजारातून आलेली वांगी उंबऱ्याबाहेर तीन पाण्यांनी न्हाऊ घालत, आणि यजमान भैय्याजी कापसाच्या अडतीवरून घरी आले की त्यांना अंगणातच पायांवर पाणी घ्यायला लावत, मग सोबत पाहुणा का असेना. अशा बाईवर सत्तावन्न सालच्या माघात सख्ख्या नातवाचा गू धुण्याची पाळी आली.

परसात निंबाखालच्या दगडावर त्या बसत. नाकाच्या दोन्ही पुड्यांत कापराचे खडे, त्यावरून गच्च बांधलेला पदर, आणि हातात चिमटा. चुलीचा नव्हे, तो चुलीत परत कसा गेला असता? लोहाराकडून मुद्दाम घडवून आणलेला हातभर लांब चिमटा. समोर टोपलीत रात्रीची नऊ फडकी. दोन वितींचं लेकरू आणि एका रात्रीत नऊ फडकी, याचा हिशेब शोभाबाईंना लागत नसे. एवढं आत जातं तरी कुठून, असं त्या लेकीला, नलूला, रोज विचारत.

पहिले दोन दिवस डांबरासारखं काळं होतं. मग हिरवं झालं. आता वाटलेल्या मोहरीसारखं पिवळं आणि रवाळ, फडक्याच्या घड्यांत जाऊन बसणारं. त्याला नासक्या दुधाचा आंबूस वास. आळीतल्या बायका सांगत, अंगावर पिणाऱ्या लेकराच्या शीला वास नसतो. या बायकांना नाकंच नसावीत, असं शोभाबाईंचं ठाम मत झालं होतं.

पद्धत त्यांनी अशी बसवली होती. चिमट्यात फडकं धरायचं, एका बादलीत तीनदा बुडवायचं, दुसरीतल्या सोड्याच्या पाण्यात तीनदा बुडवायचं आणि निथळत निथळत दोरीवर टाकायचं. हाताला थेंब लागता कामा नये. सगळं दोरीवर गेलं की तुळशीजवळचा पितळी गडू घ्यायचा, त्यात गोमूत्र ओतायचं आणि तुळशीच्या डहाळीने ते फडक्यांवर शिंपडायचं. शिंपडायचं हे आपलं म्हणायला. गडू रिकामा झाल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. एवढं झालं की त्या नाकातला कापूर काढून मोकळा श्वास घेत. फडकी शुद्ध झालेली असत.

गडूची ही सवय जुनी होती. शोभाबाईंना तीन लेकरं झाली आणि तिघांचं मिळून एक फडकं त्यांनी कधी धुतलं नव्हतं. ते काम स्टेशनापलीकडच्या महारपुऱ्यातल्या जयवंताचं. ती मागच्या फाटकातून येई, टोपली उचली, याच दगडावर बसून सगळं धुई, दोरीवर टाकी आणि बाजूला होऊन उभी राही. मग शोभाबाई गडू घेऊन बाहेर येत. गू जयवंताने काढायचा आणि जयवंताचा विटाळ गडूने काढायचा, अशी ती वाटणी होती. ती कोणी बसून ठरवलेली नव्हती, म्हणून ती कोणी मोडेल असंही कोणाला वाटलं नव्हतं.

मागच्या दसऱ्याला जयवंता पांढरं लुगडं नेसून आपल्या लोकांबरोबर नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. पौषात नलू बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा शोभाबाईंनी तिला निरोप धाडला. ती आली, पण मागच्या फाटकातून नाही. समोरच्या दाराशी येऊन उभी राहिली. शोभाबाईंचं निम्मं लक्ष तर तिथेच उडालं.

"बाई," जयवंता म्हणाली, "आता मी कोनाचं हागलं-मुतलं धुनार नाई. आमी बौद्ध झालो. आमच्या मानसाइनं मेलेलं ढोर वढनं बंद केलं, अन मी हे बंद केलं."

"मंग धुइन कोन?"

"ज्याचं लेकरू त्यानं धुवाव. मायावालं मी धुतो."

"नवं लुगडं देतो तुले. आत्ताच काढून देतो."

"तुमचं लुगडं नोको मले. नलूच्या वक्ताले देल्लं होतं तुमी एक. ते ध्यानात हाये माया."

कोणतं लुगडं, ते शोभाबाईंना काही आठवलं नाही. दिलेल्या वस्तू त्या लक्षात ठेवत नसत, निदान असं त्या समजत. जयवंता गेल्यावर त्यांनी दारासमोरची जागा शेणाने सारवून घेतली आणि दुसरी बाई शोधायला लागल्या. भांडीवालीने सांगितलं, भांडे घासतो, गू नाई धूत. कपडे धुणारा वरठी म्हणाला, धुऊन द्या, मंग मी धुतो. नलू बाळंतीण, सव्वा महिना तिने गार पाण्यात हात घालायचा नाही. भैय्याजींना विचारण्यात अर्थ नव्हता. राहता राहिल्या शोभाबाई.

तिसरा आठवडा संपता संपता लेकरू रात्रंदिवस रडायला लागलं. नलूने फडकं सोडलं आणि आईला हाक मारली. कमरेखाली लेकरू भाजल्यासारखं लाल झालं होतं. मांडीच्या घड्यांत कातडी सुटली होती.

"तूच तिखट खाल्लं असशील," शोभाबाई म्हणाल्या.

"आई, तीन हप्ते मेथी अन डिंकाशिवाय काय दिलं तू मले?"

मग उष्णता झाली असेल म्हणून खोबरेल लावलं. दृष्ट लागली असेल म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. हळद लावली. दवाखान्यातल्या नर्सबाई येऊन पाहून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, कपडे नीट स्वच्छ ठेवत जा. कपडे स्वच्छ ठेवा! हे शोभाबाईंना! नर्सबाईंची पाठ वळताच शोभाबाईंनी त्यांच्या सात पिढ्यांच्या स्वच्छतेचा उद्धार केला.

त्यातच वडनेरहून पत्र आलं. नलूच्या सासूबाई, मीराबाई, सव्वा महिना भरताच सुनेला अन नातवाला न्यायला येणार होत्या. मधे अकरा दिवस होते. आता शोभाबाईंचं धाबं दणाणलं. मीराबाई म्हणजे तोंडाने गोड आणि मनाने लोखंड. थोरल्या सुनेच्या माहेरी नातवाला नुसता खोकला झाला, तर त्यांनी त्या सुनेला पुढे पाच वर्षं माहेरची चौकट दाखवली नव्हती. इथे तर लेकरू सोललेलं. मीराबाईंनी ते उघडं करून पाहिलं की नलू गेली ती गेलीच. शोभाबाईंना एकच लेक होती. दोघे मुलगे नागपूरला नोकरीला, आपापल्या संसारात. नलू आली की घराला घरपण येई, हे त्या तोंडाने कधी कबूल करत नसत. पण ती सासरी गेली की चार दिवस त्यांना जेवण जात नसे.

त्या दिवशी नलू परसाच्या दाराशी येऊन उभी राहिली. दोरीवरचं वाळलेलं फडकं तिने नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

"आई, तू हे धुतेस का नुसती बुडवतेस?"

"धुतो ना. रोज धुतो."

"चिमट्यानं?" नलूने पुढे होऊन आईच्या हातातला चिमटा काढून घेतला. "हातानं धू. नाई तं सरक, मी धुतो. वारं लागून मेलो तं मेलो."

बाळंतिणीने असं अभद्र बोलल्यावर कोणती आई दगडावरून उठेल? शोभाबाईंनी डोळे मिटले आणि हात टोपलीत घातला. ते कोमट होतं. ते कोमट असेल हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. बुळबुळीत, कोमट, बोटांच्या बेचक्यांतून वर येणारं. पहिल्याच फडक्याला त्या निंबाच्या बुडाशी जाऊन ओकल्या. पुन्हा येऊन बसल्या. चौथ्या फडक्याला पुन्हा उठल्या. नऊ फडकी संपायला त्यांना दुपार झाली. मग राखेने हात घासले, चिंचेने घासले, रिठ्याने घासले, आणि जेवायला बसून पहिला घास तोंडाशी नेला तर बोटांना तोच आंबूस वास. ताट तसंच सरकवून त्या उठल्या. आपलेच हात आपल्या अंगाला लागू नयेत म्हणून त्या रात्री हात पांघरुणाबाहेर काढून झोपल्या.

असे चार दिवस गेले. फडकी आता खरोखर पांढरी निघत होती. पण आता त्यांना माणसाचा हात लागला होता, घाणीत बुडालेला हात, म्हणून शोभाबाईंनी एक गडू होता तिथे दोन गडू गोमूत्र करून टाकलं. आणि लेकराची कातडी सुधारायच्या ऐवजी जास्तच सुटली. पाचव्या दिवशी फडक्याला रक्ताचे ठिपके दिसले. लेकरू फडकं लागताच किंचाळायला लागलं. नलू त्याच्यासोबत रडत होती, आणि मीराबाई यायला सहा दिवस उरले होते.

त्याच दुपारी शोभाबाई रूळ ओलांडून महारपुऱ्यात गेल्या. उभ्या जन्मात त्या तिकडे कधी गेल्या नव्हत्या. पदर सावरत, कशाला म्हणून अंग लागू न देता त्या जयवंताच्या अंगणात येऊन थांबल्या. अंगण लख्ख सारवलेलं होतं. जयवंताची लेकही बाळंतपणाला आली होती. बाजेवर महिन्या-दीड महिन्याची नात उघडीच पालथी पडली होती. शोभाबाईंची नजर आधी तिथेच गेली. डाग म्हणून नव्हता. कुंपणावर फडकी वाळत होती, आपल्या घरच्यापेक्षा जुनी, विटकी, पण स्वच्छ.

"बसा म्हनलं तं तुमी बसनार नाई," जयवंता म्हणाली, "म्हनून म्हनत नाई. काय काम काढलं?"

शोभाबाईंनी सगळं सांगितलं. मग जयवंता एकेक विचारायला लागली.

"फडकं आंदी गार पान्यानं खंगाळता?"

"हो. मंग सोड्यात भिजवतो."

"मंग?"

"हातानं चोळतो. चार पाण्यानं काढतो. हातानं, जयवंते. मी स्वतः."

"मंग?"

"मंग दोरीवर टाकतो."

"अन मंग?"

"मंग काय," शोभाबाई म्हणाल्या, "शिंपडतो थोडंसं."

"गडूतलं?"

शोभाबाईंनी मान हलवली. जयवंताने नातीला उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"लेकराचं मूत लेकराले लागू नाई म्हनून आपन रातचे उठून फडकं बदलतो," ती म्हणाली. "अन तुमी धुतलेल्या फडक्यावर गाईचं मूत वतता, ते तसंच वाळवता अन लेकराच्या बुडाखाली देता. सोलन नाई तं काय होइन?"

"पण तू धूत होती तवा बी मी शिंपडत..." शोभाबाई म्हणाल्या आणि मधेच थांबल्या.

"तवा बी शिंपडत होत्या. अन तवा बी नलू अशीच सोलली होती. थोरल्या दोघांची कातडी जाड, त्याइले पचलं. नलूले नाई पचलं." जयवंताचा आवाज चढला नव्हता. "सव्वा महिन्याले, चार बायांसमोर तुमी म्हनलं, जयवंतीच्या हातातच घान हाये, हिच्यानं लेकरू सोललं. अन नवं लुगडं कबूल केलतं, तं आंगावरचं फाटकं फेकलं मायाकडे. मी त्याचेच फडके केले, माया पोरासाठी."

शोभाबाईंना आता ते लुगडं आठवलं. अंजिरी रंगाचं होतं. पदराला डाग पडला होता.

"तुले माहीत होतं, कशानं झालं ते?"

"दिसत होतं मले. सकाळी तुमचं धूत होतो, दुपारी घरी येऊन मायं धूत होतो. हेच हात. माया पोराले काई झालं नाई."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"काय सांगू?" जयवंता म्हणाली. "का बाई, तुमी माया विटाळ काढून राह्यल्या, त्यानं तुमची पोरगी सोलून राह्यली? आयकलं असतं तुमी?"

उन्हाने डोकं तापलं, तरी शोभाबाई अंगणातून हलल्या नाहीत. मग जयवंताच म्हणाली, "जा आता. सगळे फडके साध्या पान्यानं पुन्हा काढजो, कडक उन्हात टाकजो. अन तो गडू आत ठेवजो. चार दिसात भरून येइन." जा म्हणाल्यावर शोभाबाई निघाल्या. एखादा बरा शब्द बोलायला हवा होता, हे त्यांना रुळांपाशी पोहोचल्यावर सुचलं, आणि परत फिरायचं मात्र जमलं नाही.

घरी येऊन त्यांनी सगळी फडकी नुसत्या पाण्याने पुन्हा धुतली. सवयीने हात गडूकडे गेला. डहाळी तोडूनही झाली होती. मग त्यांनी ती तशीच तुळशीत टाकून दिली. वाळलेली फडकी उचलून आत आणताना त्यांच्या अंगावर काटा आला. न शिंपडलेली फडकी या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच येत होती. देवघरावरून जाताना त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी लेकरू सलग दोन तास झोपलं. चौथ्या दिवशी कातडी धरली. नलूने विचारलं, औषध तरी कोणतं लावलंस? "ऊन," शोभाबाई म्हणाल्या. खरं सांगायला त्यांची जीभ उचलली नाही. त्यांची किळस गेली असंही कोणी समजू नये. ती होतीच. नाकात कापूर होता आणि बोटांचा वास नको म्हणून चमच्याने जेवणंही चालू होतं. फक्त आता त्या ओकत नव्हत्या, आणि उन्हात पसरलेली पांढरी फडकी पाहिली की मनात कुठेतरी बरं वाटे. ही मी धुतली, असं.

सव्वा महिना भरला. मीराबाई सकाळच्या गाडीने आल्या, पाय धुतले, पाणी प्यायल्या, आणि पहिल्याप्रथम लेकरू मांडीवर घेऊन उघडं केलं. उलटंसुलटं करून पाहिलं. शोभाबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या.

"मऊसूत ठेवलं हो माया नातवाले," मीराबाई म्हणाल्या. "ईनबाई, नाव काढलं तुमी. पुढच्या खेपेलेबी तुमच्याचकडे धाडतो सुनेले."

शोभाबाईंनी चौकट सोडली. दुपारच्या पॅसेंजरने निघायचं होतं. जेवणं झाली. भैय्याजी छकडा आणायला गेले. शोभाबाई ओसरीवर बसून लेकराच्या फडक्यांचं गाठोडं बांधायला लागल्या. तीस फडकी होती, एकावर एक नीट रचलेली. मीराबाईंनी त्यातलं एक उचललं, उजेडात धरलं.

"काय पांढरे आहेत. कोन धुवे हो? वडनेरात तं आता कोनी येत नाई अशा कामाले. तुमाले बरी भेटली."

मी धुतले, एवढंच म्हणायचं होतं. पण विहीणबाईंसमोर, भैय्याजींच्या घरच्या बाईने, आपण गू धुतो म्हणून सांगायचं? शोभाबाई नुसत्या हसल्या आणि गाठ मारायला लागल्या.

"थांबा," मीराबाई म्हणाल्या. "शिंपडून तं घ्या आंदी. नाई म्हटलं तरी तिचा हात लागला. देवघरावरून न्यावं लागते आमच्याकडे." आणि शोभाबाई काही बोलायच्या आत त्यांनी तुळशीजवळचा गडू आणला, कोनाड्यातल्या बाटलीतलं गोमूत्र त्यात ओतलं, डहाळी बुडवली आणि गाठोड्यावर झटकली. एकदा, दोनदा, तीनदा. थेंब फडक्यांवर पडले आणि गाठ धरलेल्या शोभाबाईंच्या हातांवर पडले.

शोभाबाई आपल्या हातांकडे पाहत राहिल्या. सोड्याने सालपटं निघाली होती, नखांशी चिरा पडल्या होत्या. त्या चिरांत गोमूत्र झोंबत होतं. परसातल्या दोरीखाली जयवंता अशीच उभी असायची. टोपली परत न्यायची असे, म्हणून शिंपडून होईपर्यंत ती जात नसे, आणि थेंब तिच्याही अंगावर उडत. तेव्हा ती कुठे पाहायची, हे शोभाबाईंना आज आठवलं. ती आपल्या हातांकडे पाहायची.

त्यांनी पदर नाकाशी ओढला, निंबाखालच्या दगडावर ओढत तसा. आज समोर गू नव्हता. समोर मीराबाई होत्या, हातात गडू धरून, चेहऱ्यावर समाधान घेऊन. तो चेहरा शोभाबाईंच्या ओळखीचा होता. तो वीस वर्षं त्यांचाच होता.

त्यांनी मारलेली गाठ सोडली.

"ईनबाई, हे मी धुतले. माया हातानं. रोज."

मीराबाईंचा हात तसाच राहिला. "तुमी? मले काय मालूम, बाई. मले वाटलं दुसरी कोनी असन."

"आंदी दुसरीच होती," शोभाबाई म्हणाल्या. "तिचे बी असेच पांढरे निघत."

तिसांची तीस फडकी उचलून त्या परसात गेल्या आणि सगळी बादलीत टाकली. समोरून भैय्याजींनी हाक दिली, छकडा आला, चला, गाडी निघून जाइन.

"जाऊ द्या," शोभाबाई आतूनच म्हणाल्या. "फडके वाळल्याशिवाय कोनी जात नाई."

गडूतलं उरलेलं त्यांनी निंबाच्या बुडाशी ओतून दिलं. मग तोच गडू बादलीत बुडवला, नाकात कापूर घालायचं विसरून दगडावर बसल्या आणि पहिल्या फडक्यावर पाणी ओतायला लागल्या.